मुसाफिरांनी वसवलेल्या नगरात मुसाफिराला खाट नाही

शहर ऐतिहासिक आहे की नाही, हे नुसत्या इमारतींच्या वयावरून ठरवू नये. ओळखपाळख नसलेला, खिशात मोजके पैसे असलेला माणूस तिथे उतरला तर त्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळते का, आणि ती देताना त्याचं नाव आड येतं का, हे बघावं. या कसोटीवर आपलं नगर नापास आहे. सरकारदरबारी आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे, त्याविषयी पुढे बोलूच. पण नापास होण्याचा दोष फक्त नाव बदलणाऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक नवा प्रवासी तयार झाला आहे. पुण्यात आयटीत नोकरी करणारा, चार महिने आधी स्वस्त तिकीट काढणारा, पाठीवर एक सॅक टाकून इस्तंबूल, सारायेव्हो, कोर्दोबा, ग्रॅनाडा करून येणारा. तो हॉटेलात राहत नाही, हॉस्टेलात राहतो. घरच्या मोठ्यांना हा शब्द खटकतो, कारण आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे बोर्डिंग, शिकणाऱ्या मुलांनी राहायची जागा. प्रवासी हॉस्टेल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे खोली नाही, खाट भाड्यानं मिळते. एका दालनात सहा, आठ, बारा जण, एकावर एक अशा खाटा, सामानासाठी कपाट, कुलूप आपलं आपण आणायचं. न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघरही सामाईक. कुणी उरलेला तांदूळ, तेल, मीठ मागे ठेवून जातो आणि पुढचा ते वापरतो.

ग्रॅनाडाच्या अल्बायसिन या जुन्या मोहल्ल्यात अशाच एका हॉस्टेलात मी बायकांच्या दालनात चार रात्री राहिले. खाटेचं भाडं वीस-पंचवीस युरोंच्या घरात होतं. काउंटरवर पासपोर्ट पाहिला, कारण स्पेनमध्ये पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवावी लागते. नोंद झाली आणि किल्ली हातात मिळाली. एकटी का आलीस, नवरा कुठे आहे, नाव असं कसं, यातलं काही कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरात मी स्वच्छ भांडं मागितलं, कारण आधीच्या तव्यावर डुकराचं मांस शिजलं होतं. खालच्या खाटेवरच्या मुलीनं आपलं नवं पातेलं काढून दिलं. तिला मी हलाल म्हणजे काय हे समजावत बसले नाही, तिलाही त्याची गरज वाटली नाही.

हे सांगण्यामागे युरोपचे गोडवे गायचा हेतू नाही. युरोपचा उदारपणा व्हिसाच्या खिडकीपलीकडे सुरू होतो. खिडकीच्या अलीकडे शेंगेन व्हिसाची नव्वद युरो फी आहे, बँकेचा हिशेब आहे, राहण्याच्या बुकिंगचा पुरावा आहे, आणि एवढं करून नकार आला तर फी परत मिळत नाही. कोर्दोबाच्या जुन्या जामा मशिदीत, जी आज कॅथेड्रल आहे, तिकीट काढून आत जाता येतं पण नमाज पढता येत नाही. ग्रॅनाडात दरवर्षी २ जानेवारीला शहर जिंकल्याचा सोहळा साजरा होतो. १६०९ ते १६१४ या काळात याच स्पेननं मोरिस्कोंना, म्हणजे ज्यांना आधी जबरीनं ख्रिस्ती केलं होतं त्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर हाकललं. हे सगळं माहीत असूनही मी म्हणते की ग्रॅनाडाच्या त्या काउंटरवर जे मला मिळालं ते नगरमध्ये मिळत नाही. आणि जे मिळालं ते मुळात युरोपचं एकट्याचं नाहीच.

अल्बायसिनच्या खाली, शहराच्या मध्यात कोराल देल कार्बोन नावाची इमारत आहे. चौदाव्या शतकात नसरी सुलतानांच्या काळात ती बांधली गेली. मधे अंगण, अंगणात पाण्याचं टाकं, भोवती तीन मजले. खाली व्यापाऱ्यांचा माल, वर माणसांची राहण्याची सोय. अरबीत अशा जागेला फुंदुक म्हणत, आज हॉटेलला म्हणतात. स्पॅनिशमधला खाणावळ-मुसाफिरखान्याचा ‘फोन्दा’ हा शब्द या फुंदुकपासूनच आला. फुंदुक हा शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘सगळ्यांना घेणारी जागा’. ग्रीकांकडून अरबांकडे आणि अरबांकडून स्पॅनिशांकडे हा शब्द गेला, तो कल्पनेसकट गेला. आपल्या सराया, मुसाफिरखाने, धर्मशाळा याच कुळातल्या.

आधुनिक युरोपात हीच कल्पना एका शाळामास्तरानं नव्यानं उभी केली. जर्मनीतले रिचर्ड शिर्मान शाळेच्या पोरांना पायी सहलीला नेत. १९०९ मध्ये एका रात्री वादळात सापडल्यावर सगळ्यांना एका शाळेत आसरा घ्यावा लागला. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत प्रवासी पोरांना झोपू द्यावं, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल उघडलं. किल्ल्यात! राजा-सरंजामदारांच्या भिंतींच्या आत गिरणीकामगारांची पोरं खाटा टाकून झोपली.

आता आपल्या किल्ल्याकडे बघा. नगरचा भुईकोट किल्ला हुसेन निजामशहानं दगडात बांधून काढला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. या किल्ल्यानं आणि त्याच्या भोवतीच्या छावणीनं आधुनिक काळात मुक्कामी ठेवलेले सर्वांत प्रसिद्ध पाहुणे कोण होते? बोअर युद्धातले कैदी. पहिल्या महायुद्धात पकडलेले जर्मन. आणि १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीतले नेते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं, मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं इथे लिहिली. पत्नी कलकत्त्यात वारली तेव्हा मौलाना याच भिंतींच्या आत होते. थोडक्यात, इंग्रजांनी पकडून आणलेल्यांना या शहरात जागा मिळाली. आपल्या पायांनी येणाऱ्याची सोय आपण स्वातंत्र्यानंतरही केली नाही.

माझा पहिला आक्षेप आपल्या त्या अंदलुसप्रेमी मंडळींवर आहे. अल्हम्ब्रापुढे फोटो काढायचा, खाली ‘आमचा गेलेला सुवर्णकाळ’ असं लिहायचं, दोन शेर टाकायचे. ग्रॅनाडा २ जानेवारी १४९२ ला पडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४९४ मध्ये, अहमद निजामशहानं सीनेच्या काठी नगरचा पाया घातला. म्हणजे तिकडे एक शहर हातातून जात होतं तेव्हा इकडे एक उभं राहत होतं, आणि ते आजही आपल्या पायाखाली आहे. त्याच्यासाठी कुणी तिकीट काढलं? फराहबाग कोणत्या रस्त्याला आहे, हे विचारलं तर अल्हम्ब्राच्या सिंहांच्या कारंज्याचा इतिहास तोंडपाठ असणारे गप्प होतात. डोंगरावरच्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबिबी महाल म्हणतात. ती सलाबतखानाची कबर आहे, चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. हे आपल्याच पोरांना माहीत नसेल तर बाहेरून आलेल्याला कोण सांगणार?

अल्हम्ब्रा पाहायला दरवर्षी वीस लाखांहून अधिक माणसं येतात. तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा नंबर असतो, नसरी महालात शिरायची वेळ ठरवून दिलेली असते. स्पेननं मुसलमान घालवले, पण अल्हम्ब्रा, अल्बायसिन, हेनेरालिफे ही नावं ठेवली, भिंती जपल्या आणि त्यावर हजारो घरांच्या चुली पेटवल्या. आपण यातलं काय केलं? उसासे टाकले.

दुसरा मुद्दा शहर कुणी उभं केलं याचा. निजामशाहीच्या संस्थापकाचा वंश आपल्याच पाथरीच्या ब्राह्मण कुळातला. पण त्या वंशाचं शहर मोठं केलं ते वाटेनं आलेल्या माणसांनी. शाह ताहिर इराणातून जीव वाचवून आले आणि बुऱ्हाण निजामशहाचे सल्लागार झाले. मुहम्मद कासिम फरिश्ता अस्तराबादहून लहानपणी बापाबरोबर नगरला आला. दख्खनचा इतिहास लिहिणारा हा माणूस वयाची पहिली वर्षं नगरकर होता, विजापूरला तो १५८९ मध्ये गेला. विजापूरची मुलुखमैदान तोफ नगरमध्ये ओतली गेली, ओतणारा रूमीखान नावावरूनच तुर्कांच्या मुलखाचा. मलिक अंबर हबसाणातला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला, आणि शेवटी याच निजामशाहीचा कारभारी झालेला. चांदबिबी नगरची लेक, विजापूरची सून. १५९५-९६ मध्ये ती सासरहून परतलेली होती म्हणून किल्ला मोगलांपुढे टिकला. यातल्या एकाला जरी वेशीवर ‘तू कुठला, तुझी जात काय’ म्हणून परत पाठवलं असतं, तर आज ज्या नगरचा अभिमान सांगतो ते नगर नसतं.

त्या काळात सगळं गोड होतं असंही कुणी समजू नये. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला. निजामशाहीची पहिली राजधानी झालेलं हेच ते जुन्नर, तेव्हा बहामनींच्या अमलाखाली होतं. त्यानं लिहून ठेवलं आहे की या देशात परदेशी व्यापारी सरायांत उतरतात, तिथल्या बायका त्यांना जेवण रांधून देतात, अंथरूण घालून देतात. आणि हेही लिहून ठेवलं आहे की जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही झालास तर घोडा गेला आणि तुझ्याकडून हजार मोहरा वसूल करीन. चार दिवसांची मुदत. निकितीन एकटा, परक्या देशात. त्याच्यासाठी खानाकडे रदबदली करून घोडा परत मिळवून दिला तो खुरासानच्या ख्वाजा मुहम्मदनं. तो मुसलमान होता, परदेशी होता, स्वत: मुसाफिर होता.

या गोष्टीत दोन मुसलमान आहेत. एकाच्या हातात सत्ता होती आणि त्यानं निराधार पाहुण्याचा धर्म विचारला. दुसऱ्यानं त्या पाहुण्याची बाजू घेतली. आपण कुणाचे वारस आहोत, हे दर पिढीला नव्यानं ठरवावं लागतं. आज सत्ता आपल्याकडे नाही म्हणून आपण आपोआप ख्वाजा मुहम्मद होत नाही.

आता नावाविषयी. ३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, २०२४ मध्ये कागदोपत्री बदल झाला. अहमद निजामशहाचं नाव पुसण्याचा हेतू काय होता हे सगळ्यांना कळतं, आणि त्याचं दु:ख मला आहे. पण ज्यांचं नाव दिलं त्या कोण होत्या, हे नाव देणाऱ्यांना आपण एकदा खडसावून विचारलं पाहिजे. अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. इंदूरच्या गादीवर बसून त्यांनी देशभर काय बांधलं? मंदिरं बांधली, आणि त्यांच्याबरोबर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं. म्हणजे वाटेवरच्या माणसाच्या गरजेच्या गोष्टी. अठराव्या शतकात वाटसरूची एवढी काळजी घेणारी दुसरी राज्यकर्ती दाखवा. तिचं नाव शहराला दिलं आणि त्या शहरात वाटसरूसाठी धर्मशाळा उघडायचं कुणाच्या मनात आलं नाही. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, एसटीच्या गाडीवरचं नाव बदललं. तुम्हाला अहिल्यादेवी खरोखर हव्या असतील तर एक दार उघडा, ज्यावर कुणाचं आडनाव विचारलं जाणार नाही. तसं दार उघडलंत तर मी स्वत: त्यावर अहिल्यादेवींचं नाव आनंदानं वाचीन.

आडनाव विचारलं जातं का, असं काही वाचकांना वाटेल. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी मला कामासाठी मुक्काम करावा लागला. लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं फोनवर खोली आहे म्हणून सांगितलं होतं. आधार कार्ड हातात घेऊन वाचलं आणि खोली भरली. मग म्हणाला, ‘बाई, एकट्या लेडीजला आम्ही देत नाही, आणि तुमच्यात तर अशा एकट्या फिरत पण नाहीत ना?’ रात्रीचे साडेनऊ झाले होते. एका ओळखीच्या शिक्षिकेच्या घरी, तिच्या सासूबाईंच्या शेजारी झोपले. त्या माळकरी होत्या. सकाळी त्यांनीच मला उठवून चहा दिला.

लॉजवाल्यांची बाजूही सांगते. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. छोट्या लॉजवाल्याला ही कटकट वाटते, म्हणून तो परदेशी माणसाला सरळ नाही म्हणतो. काही झालं तर पोलीस आधी त्याच्याकडे येतात, म्हणून तो गावातलं आधार कार्ड असलेल्याला नाही म्हणतो, लग्न न झालेल्या जोडप्याला नाही म्हणतो, एकट्या बाईला नाही म्हणतो. नकारांची ही यादी वाढत वाढत आपल्या नावापर्यंत येते. पण नोंदवही स्पेनमध्येही असते, पोलीस तिथेही असतात. ओळखपत्र मागणं ही सुरक्षा झाली. ओळखपत्र वाचून तोंड फिरवणं याला सुरक्षा म्हणत नाहीत.

आता आपल्याकडे वळते. ज्यांना लॉजचा नकार बोचतो, त्यांच्या बिरादरीनं मुसाफिरासाठी काय ठेवलं आहे? जकातीच्या खर्चाच्या आठ बाबी कुरआनात सांगितल्या आहेत, सूरह तौबामध्ये. त्यातली शेवटची बाब ‘इब्नुस्सबील’, शब्दश: वाटेचा पुत्र, म्हणजे मुसाफिर. प्रवासात नमाज कसर करायची मुभा आहे, रोजा पुढे ढकलायची मुभा आहे. ज्या धर्मानं वाटसरूसाठी आपले फर्जसुद्धा हलके केले, त्याच्या अनुयायांनी दरवर्षी रमजानमध्ये जकात वाटताना या आठव्या बाबीचा विचार कधी केला? मदरशाची पावती फाडली की आपण सुटतो.

शेजारच्या औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिरांची पाणचक्की आहे. बुखाऱ्याकडून आलेला एक सूफी, नावातच मुसाफिर. डोंगरातून खापरी नळानं आणलेल्या पाण्यावर जातं फिरे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळलं जाई. आज पर्यटक तिकीट काढून ते जातं बघतात. नगरच्याही जुन्या वक्फांकडे बघा. दर्गे आणि मशिदींच्या नावे जमिनी दिल्या गेल्या तेव्हा इबादतीबरोबर फकीर, गरीब आणि वाटसरू यांची सोय हा वक्फमागचा जुना हेतू होता. आज अशा किती जागांवर दुकानांचे गाळे आहेत, गाळ्यांचं भाडं कुणाच्या घरात जातं आणि किती वर्षांपूर्वीच्या दरानं जातं, हे मुतवल्लींना विचारायची हिंमत आपल्यात नाही. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, योग्यच केलं. पण ज्या जमिनी वाचवायला उतरलो त्या कशासाठी होत्या, हे घोषणांत कुठे नव्हतं.

जिथे आपले मुसाफिरखाने आहेत तिथेही दारावर प्रश्न असतात. हाजी आहात का, कुठल्या जमातीचे, कुठल्या मसलकचे. असा मुसाफिरखाना नगरमध्ये झाला तर माझा त्याला विरोध असेल. १६२१ मध्ये व्हेनिस शहरानं तुर्क व्यापाऱ्यांसाठी एक वेगळी वास्तू राखून दिली. नाव फोंदाको, तोच आपला फुंदुक. पण खिडक्या बुजवलेल्या, रात्री दाराला बाहेरून कुलूप. आसरा होता आणि कोंडवाडाही होता. ‘सगळ्यांना घेणारी जागा’ या शब्दाची व्हेनिसनं अशी वाट लावली. आज आपण स्वत: फक्त आपल्यासाठी दार उघडलं तर बाहेरून कडी लावायला दुसऱ्या कुणी यायची गरज राहणार नाही.

आणि मुलींचं काय? मुलगा सॅक घेऊन प्राग फिरून आला की मोहल्ल्यात कौतुक होतं. मुलगी विजापूरला चांदबिबीचं सासर बघायला जाते म्हणाली की ‘सोबत कोण?’ हा प्रश्न येतो. प्रश्न काळजीतून येतो हे मान्य. पण काळजीवर उत्तर म्हणजे तिच्यासाठी सुरक्षित खाट असलेली जागा, तिला घरी बसवणं नव्हे. लॉजवाला मला ‘तुमच्यात एकट्या फिरत नाहीत ना’ म्हणाला. त्याला हे वाक्य आपणच पुरवलं आहे.

‘नगरला येणार कोण?’ हा नेहमीचा प्रश्न. पुण्याहून वेरूळ-अजिंठ्याला जाणारा रस्ता नगरमधून जातो. सॅक घेतलेली देशी-परदेशी पोरं आत्ताही इथून जातात, स्टँडवर चहा पितात आणि पुढची गाडी पकडतात. थांबायला कारण आहे: किल्ला, फराहबाग, सलाबतखानाची कबर, दमडी मशीद, रणगाड्यांचं संग्रहालय. थांबायला फक्त परवडेल अशी जागा नाही. चार पोरं रात्रभर थांबली तर रिक्षावाल्याला दोन फेऱ्या मिळतात, खाणावळीत चार ताटं लागतात आणि इतिहास शिकलेल्या एखाद्या बेकार पोराला वाटाड्या म्हणून काम मिळतं.

‘आपल्याकडे हे चालणार नाही’ म्हणणाऱ्यांनी आपलाच जिल्हा पाहावा. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याचं बारी, हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई, सांदण दरीजवळचं साम्रद, रतनवाडी. शनिवारी रात्री तिथल्या महादेव कोळ्यांच्या घरांत मुंबई-पुण्याची पोरंपोरी उतरतात. ओसरीवर सतरंजी, पिठलं-भाकरी, सकाळी चहा-पोहे, माणशी ठरलेले पैसे. मी दोनदा राहिले आहे. नाव विचारलं, हाक मारण्यापुरतं. या लोकांनी आल्टेनाचं नाव ऐकलेलं नाही, फुंदुक ऐकलेला नाही, पण युरोपातलं हॉस्टेल म्हणजे जे काही असतं ते त्यांनी सरकारी योजनेची वाट न बघता ओसरीवर उभं केलं. आणि शिर्डी? एक अनोळखी फकीर गावात आला, पडक्या मशिदीत राहिला, तिला द्वारकामाई म्हणाला आणि येईल त्याला खाऊ घालू लागला. आज त्याच्या नावावर तिथे हजारो भाविकांच्या मुक्कामाची सोय आहे. म्हणजे या जिल्ह्याला पाहुणा ठेवता येत नाही असं नाही. जिल्ह्याच्या शहराला ठेवता येत नाही.

आता मागणी स्पष्ट मांडते. नगर शहरात वक्फच्या एखाद्या जागेत वीस खाटांचा मुसाफिरखाना उघडावा. बारा पुरुषांसाठी, आठ बायकांसाठी, दोन स्वतंत्र दालनं. सामानाला कपाटं, स्वच्छ संडास, सामाईक स्वयंपाकघर, त्यात शाकाहारी भांडी वेगळी, कारण आपल्याला ग्रॅनाडात जे पातेलं हवं असतं ते इथे दुसऱ्या कुणाला हवं असेल. ओळखपत्राची नोंद सगळ्यांची, परदेशी पाहुण्याची नोंद कायद्याप्रमाणे वेळेत. भाडं एसटीनं फिरणाऱ्या विद्यार्थ्याला परवडेल इतकं. ज्याच्याकडे तेही नाही त्याची रात्र जकातीच्या आठव्या बाबीतून, आणि इतरधर्मीय असेल तर सदक्यातून, म्हणजे फतव्यांचा वादही नको. भिंतीवर शहराचा नकाशा, मराठी, उर्दू, इंग्रजीत. दाराशी एकच नियम: खाट रिकामी असेल तर कुणालाही नावावरून नकार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न नगरकरानं विचारूच नये. किल्ल्याजवळची दमडी मशीद किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी-दमडी गोळा करून बांधली, अशी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या मजुरांना जमलं ते आयटीतल्या पोरांना जमत नसेल तर अडचण पैशाची नाही. युरोपच्या एका सहलीचा खर्च चौघांनी एकत्र केला तर खाटा, गाद्या आणि कपाटं येतात. जागा मुतवल्लींनी द्यावी. देत नसतील तर का देत नाहीत हे जुम्म्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर सांगावं.

ग्रॅनाडाला जरूर जा, पोरींनाही पाठवा. तिथल्या खाटेवर झोपलेल्या प्रत्येकानं परत आल्यावर या वीसपैकी एका खाटेचा खर्च उचलावा. ही देणगी समजू नका. मुसाफिर म्हणून जे घेतलं त्याचं ते भाडं आहे.